प्रकाश सापळ्याच्या बादलीत हुमणीपेक्षा शेणकिडेच जास्त सापडतायत, मारू का सोडू?

माळावरचा_गडी (फलटण)

नमस्कार मंडळी. प्रश्न येड्यासारखा वाटेल पण विचारतोच. आमची फलटण तालुक्यात साडेचार एकर, दोन एकर ऊस आणि बाकी भुईमूग, बाजरी असं आलटून पालटून. मागच्या साली हुमणीने, म्हणजे मुळं खाणाऱ्या पांढऱ्या अळीने, भुईमुगाचा निम्मा प्लॉट खाल्ला, उपटला की रोप हातात अन् मूळ गायब, म्हणून यंदा वळवाचा पहिला पाऊस झाल्या झाल्या बांधावर प्रकाश सापळा लावला, बल्ब, खाली पत्र्याचं नरसाळं आणि बादलीत पाणी अन् वर डिझेलचा तवंग (रॉकेल आता कुठे मिळतंय).

आता गंमत अशी की सकाळी बादली गाळली तर तपकिरी हुमणीचे भुंगे आहेतच पण त्याच्यापेक्षा जास्त काळे किडे आहेत. काही मुगाच्या दाण्याएवढे, काही चांगले बोराएवढे, आणि त्यातल्या काहींच्या डोक्यावर शिंग. शेजारचा म्हणतो शिंगवाला हा हुमणीचा नर आहे, दाबून मार. आमचा म्हातारा म्हणतो अरे हे शेणकिडं, ह्यांनी तुझं काय खाल्लं, सोड. गुगल लेन्सवर फोटो (तोच इथे पण जोडलाय) टाकला तर "ओन्थोफॅगस गॅझेला" असं काहीतरी आलं.

तर प्रश्न दोन. हे हुमणीचेच का? आणि नसतील तर मेले तर काही बिघडतं का? शिवाय उकिरड्यात खत उपसताना पांढऱ्या जाड अळ्या निघाल्यात ढीगभर, ती हुमणीच धरायची ना?

---

ऊसवाला_पाटील (कोल्हापूर)

भाऊ लई विचार करू नको. आमच्याकडं नदीकाठच्या उसात हुमणीनं फड आडवे पडलेत, तिथं किडा काळा का गोरा कोण बघतंय. बादलीत आला तो गेला. शेणातला किडा शेणातच जायचा.

---

कीटकवेडी (पुणे)

पाटील दादा, थांबा जरा 😄 मी कीटकशास्त्रात एमएस्सी केलंय आणि शेणकिड्यांवरच काम केलंय म्हणून लांबण लावणार आहे, माफी आधीच मागते.

पहिलं म्हणजे शेजाऱ्यांचं शिंगाचं म्हणणं चूक. हुमणीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या होलोट्रिकिया सेराटाच्या, नराला शिंग बिंग काही नसतं. पण शेजारी अगदीच हवेत बोलत नाहीत, कारण हुमणी, शेणकिडा, माडावरचा गेंडा भुंगा आणि फुलांवर बसणारे चकचकीत भुंगेरे हे सगळे एकाच कुळातले, स्कॅराबिडी. आपल्या भाषेत सांगायचं तर भावकी एक, घरं वेगळी. हुमणीचं घर मेलोलॉन्थिनी, गेंड्याचं डायनॅस्टिनी, फुलभुंग्याचं सेटोनिनी आणि खऱ्या शेणकिड्यांचं स्कॅराबिनी. सगळ्यांच्या मिशांच्या टोकाला पंख्यासारख्या पाकळ्या असतात, ती भावकीची खूण, तिच्यावरून फरक कळणार नाही.

फरक बघायचा तो डोकं आणि पायांवरून. शेणकिड्याचं डोकं पुढे चपटं, खोऱ्यासारखं पसरलेलं, तोंड त्याच्या खाली झाकलेलं. पुढचे पाय रुंद आणि दातेरी, खणायचे. उलटा केला की मधल्या पायांची जोडी एकमेकांपासून लांब लांब फाकलेली दिसते, पोटाच्या दोन कडांना खिळे ठोकल्यासारखी. आणि पाठीवर दोन कडक पंख जिथे गळ्याशी मिळतात तिथे हुमणीला एक छोटा त्रिकोणी तुकडा स्पष्ट दिसतो, ओन्थोफॅगस, कॉप्रिस, कॅथार्सियस ह्या शेणकिड्यांना तो दिसतच नाही. (ओनायटिस, ओनिटिसेलस अशा काहींना बारीकसा दिसतो, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका. आणि ॲफोडियस म्हणून शेणातच राहणारे तांदळाएवढे लांबट किडे असतात त्यांना त्रिकोण चांगला मोठा, ते वेगळ्या उपकुळातले.)

तुमच्या फोटोतला बोराएवढा काळा मला कॅथार्सियस वाटतोय, कॅथार्सियस मोलॉसस ही जात लिनियसने १७५८ सालीच नोंदवलेली, म्हणजे हा किडा शास्त्राच्या वहीत पहिल्या पानापासून आहे म्हणा ना. मुगाच्या दाण्याएवढे बहुतेक ओन्थोफॅगस. पण ओन्थोफॅगसमध्ये जगभरात दोन हजाराच्या वर जाती आहेत, प्राण्यांच्या सगळ्यात मोठ्या प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) ती एक, त्यामुळे फोटोवरून पुढचं नाव कोणी छातीठोक सांगत असेल तर तो थापा मारतोय. आम्हाला सुद्धा नराचं जननेंद्रिय काढून भिंगाखाली बघावं लागतं तेव्हा कुठे दोन जाती वेगळ्या होतात.

आणि लेन्सवाल्या गॅझेलाचं तर वेगळंच रामायण. एक तर ते आता ओन्थोफॅगसमध्ये नाही, डिजिटॉन्थोफॅगस गॅझेला म्हणतात. दुसरं, २०१७ साली ह्या गटाची पुन्हा नीट तपासणी झाली तेव्हा कळलं की आफ्रिकेत "गॅझेला" म्हणून एकाच नावाखाली कितीतरी वेगळ्या जाती कोंबलेल्या होत्या. लेन्सला ते नाव सुचतं कारण हा किडा १९६८ पासून ऑस्ट्रेलियात आणि नंतर अमेरिकेत मुद्दाम नेऊन सोडला, त्यामुळे त्याचे फोटो नेटवर पैशाला पासरी. आपल्याकडे त्याचा भाऊ डिजिटॉन्थोफॅगस बोनॅसस सापडतो, पिवळट तपकिरी, नराची शिंगं लांब आणि वळलेली. तुमचा किडा काळा आहे म्हणजे तो दोन्ही नाही.

---

माळावरचा_गडी (फलटण)

ताई एवढं कोणी समजावलं नव्हतं, धन्यवाद. आत्ता गोठ्यातल्या उजेडात पंधरा-वीस किडे उलटे करून बघितले, बायको म्हणते जेवा आधी. मधल्या पायांचं एकदम बरोबर, काळ्यांचे लांब लांब, तपकिरी भुंग्याचे जवळ. त्रिकोण पण दिसला तपकिरीला.

पण मग हे सोडायचे का? सोडले तर उद्या परत बादलीतच येणार की. आणि उकिरड्यातल्या अळीचं राहिलंच.

---

माडाखालचो (सिंधुदुर्ग)

अळीचा मी सांगतंय, आमचो जन्म उकिरडे उपसण्यात गेलो. (बाकीचं तुमच्या मराठीत लिहितो नायतर कोणाला कळायचं नाही.)

उकिरड्यात मिळाली म्हणून हुमणी असं धरू नका. आमच्याकडे शेणखताच्या जुन्या खड्ड्यात आणि कुजक्या माडाच्या ओंडक्यात गेंडा भुंग्याची अळी असते, अंगठ्याएवढी जाड, डोकं गडद तपकिरी. हाच भुंगा नंतर माडाच्या शेंड्यात शिरतो, नवीन पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखं त्रिकोणी दिसतं. तो आम्ही तारेच्या हुकाने ओढून काढतो आणि खड्ड्यात मेटारायझियम म्हणजे ती हिरवी बुरशी मिसळतो. तुमच्या फलटणला माड असतील तर बघा, नसतील तर तिसरीच शक्यता जास्त.

तिसरी म्हणजे फुलभुंग्याची अळी. एक सोपी परीक्षा आहे, अळी काढून सपाट कडक जमिनीवर ठेवा. ती उलटी होऊन पाठीवर सरपटायला लागली, पाय वर आकाशाकडे, तर ती सेटोनिनी, कुजलेलं खाणारी, मुळांना हात लावत नाही, उलट खत बारीक करून देते. हुमणी तसं करत नाही, ती पायावरच चालायचा प्रयत्न करते नायतर कुशीवर वेटोळं करून पडते आणि माती भुसभुशीत असली की आत घुसते. गेंड्याची तर एवढी जड की कुशीवर लोळते नुसती.

---

कीटकवेडी (पुणे)

माडाखालचो दादांचं सोळा आणे खरं. फक्त एक भर, शेणकिड्याची अळी तुम्हाला अशी मोकळी ढिगाने मिळायचीच नाही. तिची आई शेणाचा गोळा करून जमिनीत नेते, त्यात एक अंडं घालते आणि अळी त्या गोळ्याच्या पोटात खात खात वाढते, पाठीवर कुबड असतं तिच्या. गोळा फोडला तरच दिसेल.

ह्यावरूनच शेणकिड्यांचे तीन ढोबळ गट पडतात आणि शेतकऱ्याला जातीच्या नावापेक्षा हे गट जास्त कामाचे आहेत असं माझं स्पष्ट मत. एक गोळा गरगरत लांब नेणारे, जिम्नोप्ल्युरस, सिसिफस, स्कॅराबियस. दुसरे पोवाच्या, म्हणजे पडलेल्या शेणाच्या, खालीच बोगदा खणून शेण आत ओढणारे, कॅथार्सियस, कॉप्रिस, ओनायटिस आणि बहुतेक ओन्थोफॅगस. तिसरे पोवातच राहणारे. आता मजा बघा, जिम्नोप्ल्युरस आणि सिसिफस दिवसा भर उन्हात काम करतात, ते तुमच्या दिव्याला येतच नाहीत. दिव्याला येतात ते रात्रीचे बोगदेवाले. आणि जमिनीत शेण नेणारे, माती वर आणून पोकळ करणारे, पावसाचं पाणी मुरवणारे तेच. म्हणजे बादलीत बुडतोय तो नेमका तुमच्या शेतात फुकट नांगर धरणारा गडी.

आणि हिशोब सरळ आहे. हुमणीची एक मादी पन्नास-साठ अंडी घालते, सापळ्यात थोड्या मेल्या तरी उरलेल्या भरून काढतात, म्हणून तर तुम्हाला दरवर्षी सापळा लावावा लागतो. कॉप्रिससारख्या शेणकिड्याची मादी हाताच्या बोटावर मोजण्याएवढे गोळे करते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत बिळात राखण बसते. अशी एक मादी बादलीत गेली की त्या वर्षाचं अख्खं खातं बंद.

---

ऊसवाला_पाटील (कोल्हापूर)

ताई पटतंय थोडं थोडं पण शेतकऱ्यानं रात्रभर जागून किडं निवडत बसायचं का? तुमचं ते संवर्धन बिंवर्धन ठीक आहे, वाघ वाचवा म्हटलं तर समजतं, शेणकिडा वाचवा म्हटलं तर गावात लोक हसतील.

---

कीटकवेडी (पुणे)

हसू देत. रात्रभर जागायची गरजच नाही. हुमणीचे भुंगे अंधार पडला की पहिल्या तास-दोन तासातच जमिनीतून निघतात आणि कडूनिंब, बाभळीवर जमतात. म्हणजे दिवा तेवढाच वेळ लावा आणि मग बंद करा, रात्रभर जळत ठेवला की मग बाकीची सगळी जत्रा येते. त्याहून भारी उपाय जुनाच, रात्री आठ-नऊला बाभूळ, लिंब हलवायचा, खाली ताडपत्री, पडतील ते हुमणीचेच, शेणकिडा पाला खायला झाडावर चढत नाही. आणि दिवा लावायचाच तर बादलीत डिझेलच्या पाण्याऐवजी कोरडी बादली, आत अंड्याचे दोन पुठ्ठे टाका, किडे त्यात लपून बसतात, सकाळी पाच मिनिटात तपकिरी एकीकडे काळे एकीकडे. काळे शेणाच्या पोवाजवळ सोडून द्या, उन्हात नको.

---

गुरांचा_डॉक्टर (सोलापूर)

मी जरा उशिरा आलो, पण ह्या धाग्यात मुद्द्याची गोष्ट अजून कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. बादलीत मेले ते डोळ्याला दिसतात. त्याच्या कितीतरी पट आम्ही डॉक्टर लोक सुईने मारतो ते दिसत नाहीत.

आयव्हरमेक्टिन. जंत आणि गोचीड दोन्हीला एक इंजेक्शन म्हणून सगळ्यांच्या तोंडी बसलंय, औषध उत्तमच आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं आणि माणसांच्या नदी-अंधत्वावर त्याने काय क्रांती केली हे मला सांगायला नको. पण टोचलेलं औषध बहुतेक सगळं शेणावाटे बाहेर पडतं आणि शेणात ते जिवंतच राहतं. १९८७ सालीच इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी नेचर ह्या शास्त्रीय नियतकालिकात दाखवून दिलं होतं की असं औषध दिलेल्या वासरांचं शेण माळावर कुजतच नाही, कारण ते कुजवणारे किडे त्यात वाढत नाहीत. मोठा किडा बहुतेक वेळा मरत नाही, खातो, अंडं घालतो, पण अळी पुढे जात नाही. म्हणजे शेतकऱ्याला किडे दिसत राहतात आणि दोन-तीन वर्षांनी अचानक वाटतं अरे हल्ली शेण वाळून तसंच पडून राहतंय.

आणि आपली वेळ बघा. पावसाळ्याआधी जंतनिर्मूलन करायचं म्हणून मे-जूनमध्ये अख्ख्या गावाच्या गुरांना एकाच आठवड्यात टोचतात, आणि शेणकिडे जमिनीतून नेमके त्याच आठवड्यात निघतात. (घटसर्प-फऱ्याच्या लसीचा ह्याच्याशी काही संबंध नाही, लस चुकवू नका, नाहीतर कोणीतरी माझं नाव सांगून लस बंद करेल.)

मी सध्या काय करतो ते सांगतो. सरसकट सगळ्या गुरांना नाही, ज्याला गरज आहे त्यालाच. नुसते जंत असतील तर फेनबेन्डॅझोल किंवा त्या गटातलं औषध, शेणकिड्यांना ह्याचा त्रास जवळपास नाही. गोचीड जास्त असेल तर आयव्हरमेक्टिन टाळता येत नाही काही वेळा, मग ते जनावर दोन आठवडे माळावर सोडायचं नाही, दावणीला ठेवायचं आणि त्याचं शेण खड्ड्यात टाकून कुजू द्यायचं. डेल्टामेथ्रिनसारखं अंगावर ओतायचं औषध त्याहून निरुपद्रवी असं समजू नका, ते पण शेणात उतरतं. आणि दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन तसंही देऊ नये, हे बाटलीवर लिहिलेलं असतं, वाचतो कोण.

गिधाडांचं आठवा. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन ती मरायची, आणि ते जनावरांसाठी २००६ ला बंद केलं तोवर गिधाडं गेलेली होती. तिथे निदान मेलेला पक्षी दिसत होता.

---

जुना_मेंढका (माण)

डाक्टरसाहेब बरोबर बोलले. आमची मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरतात अन् पावसाच्या आधी वर येतात, वाटेत शेतात बसवतो लोकांच्या. माझ्या लहानपणी रात्री मेंढरं बसवली की सकाळी लेंड्यांच्या खाली माती उकरलेली असायची, छोटे छोटे ढीग, अन् दुपारी त्या काळ्या किड्यांची लेंडी ढकलायची शर्यत बघत बसायचो आम्ही पोरं, कुणाचा आधी जातो. आता गायरानं राहिली कुठं, कुठं सोलर आलं कुठं झाडं लावली, गुरं गोठ्यात. शेण माळावर पडलं तर किडा जगल ना.

---

कीटकवेडी (पुणे)

मेंढका काका, लेंड्या ढकलणारे ते सिसिफस असावेत, बारीक, मागचे पाय कोळ्यासारखे लांब. आणि झाडं लावण्याबद्दल तुम्ही बोललात ते फार कमी लोक बोलतात, उघड्या माळावरचे दिवसाचे किडे सावलीत टिकत नाहीत. केरळातल्या सह्याद्रीत जंगलातले आणि बाहेरच्या शेतातले शेणकिडे वेगळे असल्याचा अभ्यास बऱ्यापैकी झालाय, आपल्या पठारावर मात्र अजूनही सुरुवात १९३१ च्या गिल्बर्ट ॲरो यांच्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडियाच्या खंडापासूनच करावी लागते, आणि त्यातली कितीतरी नावं आता बदललीत.

एक जाता जाता, हेलिओकॉप्रिस म्हणून आपल्याकडचा सगळ्यात मोठा शेणकिडा आहे, हत्ती आणि म्हशीच्या शेणावर जगणारा. त्याचे जमिनीत सापडलेले मातीने लिंपलेले गोल गोळे लोकांना जुने दगडी तोफगोळे वाटले होते म्हणे. कुठल्या गडाखाली असला तोफगोळा सापडला तर फोडून बघा आधी 😄

---

माडाखालचो (सिंधुदुर्ग)

आणि आत जिवंत निघालो तर परत लिंपून ठेवा.

---

ऊसवाला_पाटील (कोल्हापूर)

बरं बाबा, हरलो. बाभळी हलवायचं आमचे आजोबा करायचे, पेट्रोमॅक्स घेऊन. ह्या शनिवारी पोरांना घेऊन करतो. पण माझ्याकडं दिव्याला काळं किडं येतच नाहीत ताई, एक पण नाही, ते कसं?

---

कीटकवेडी (पुणे)

पाटील दादा, आसपास चरायला जाणारी गुरं किती आहेत?

---

ऊसवाला_पाटील (कोल्हापूर)

चरायला? एक नाय. चारी बाजूनं ऊस. म्हशी गोठ्यात, शेण गोबर गॅसला.

---

माळावरचा_गडी (फलटण)

अपडेट देतो. उकिरड्यातल्या अळ्या फरशीवर ठेवल्या, दहातल्या आठ पाठीवर सरपटल्या, पोरगी हसून हसून बेजार. उरलेल्या दोन हुमणी, कोंबड्यांना घातल्या. दिवा काल साडेनऊला बंद केला, कोरड्या बादलीत पुठ्ठे टाकले, तपकिरी भरपूर आणि काळे अकरा. अकरा पण म्हाताऱ्याने ओंजळीत घेऊन बैलाच्या शेणाजवळ सोडले आणि तिथंच बसून राहिला, म्हणतो दहा मिनिटात सगळे आत गेले.

डॉक्टरसाहेब, आमच्या बैलाला मागच्याच आठवड्यात गोचिडाचं इंजेक्शन दिलंय, कुठलं ते माहीत नाही, बाटली शोधतोय. ते शेण उचलून खड्ड्यात टाकू का, आणि किडे आत गेलेत त्यांचं काय?

---

गुरांचा_डॉक्टर (सोलापूर)

बाटलीचा फोटो टाका आधी. आयव्हरमेक्टिन असेल तर पोव हलवा, खाली वीतभर माती पण उकरा, किडे निघतील, दुसऱ्या जनावराच्या शेणावर ठेवा. गायीला टोचलं नाहीये ना?

---

माळावरचा_गडी (फलटण)

गायीला नाही. टॉर्च घेऊन निघालोय, म्हातारा पुढे गेलाय खुरपं घेऊन.

---

कीटकवेडी (पुणे)

आधी बादलीत मेलेले शिंगवाले अजून टाकले नसतील तर सॅनिटायझरच्या बाटलीत ठेवा, चिठ्ठीवर पेन्सिलने तारीख, गाव, "दिव्याला आले" एवढं लिहा, शाईने नको, पसरते. पुढच्या महिन्यात मी फलटणहून जाणार आहे, घेऊन जाईन आणि आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेच्या केंद्रात दाखवीन. नाव कळलं की इथेच लिहिते.